आर्वो पॅर्ट कसे ऐकावेत

हा लेख वाचताना हाताशी पेटी असेल तर ती उघडून बसा. नसेल तर मोबाइलवरचं कीबोर्डचं एखादं ॲप चालेल. वाजवता येत नसलं तरी अडचण नाही. एका बोटाने पट्टी दाबता आली की पुरे. आपण एका संगीतकाराची रचना करण्याची रीत पायरीपायरीने समजून घेणार आहोत. ती डोळ्यांनी वाचून निम्मी कळते, उरलेली निम्मी कानाला कळते.

आर्वो पॅर्ट हे एस्टोनियाचे संगीतकार. जन्म ११ सप्टेंबर १९३५, पाइदे नावाच्या छोट्या गावातला. बालपण गेलं राक्व्हेरे इथे. आज पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्या सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या हयात रचनाकारांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांचं संगीत पहिल्यांदा ऐकणाऱ्याला बहुधा एक प्रश्न पडतो: हे नेमकं कुठल्या प्रकारात बसवायचं? जुनं चर्चसंगीत म्हणावं तर ते आपल्याच काळात लिहिलं गेलंय. आधुनिक म्हणावं तर त्यात सरगमसारखे साधे स्वर आहेत.

प्रकार शोधायचं काम आपण सध्या बाजूला ठेवू या. आधी यंत्र उघडून बघू. आत काय फिरतं ते दिसलं की बाहेरच्या शिक्क्यांचं काय करायचं ते आपलं आपल्यालाच कळेल.

आधी थोडी वाट: शांतता कुठून आली

पॅर्ट यांची सुरुवात फार वेगळ्या संगीताने झाली. १९६० साली त्यांनी ‘नेक्रोलॉग’ ही वाद्यवृंदाची रचना लिहिली. ती बारा-स्वर पद्धतीची होती. या पद्धतीत सप्तकातले बाराही स्वर एका ठरावीक क्रमात वापरतात आणि कुठल्याही स्वराला ‘सा’चा मान देत नाहीत. एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता. सोव्हिएत अधिकाऱ्यांना हे पाश्चात्त्य वळण रुचलं नाही आणि तरुण पॅर्ट यांच्यावर टीका झाली.

मग ते कोलाजकडे वळले, म्हणजे जुन्या संगीताचे तुकडे नव्या कर्कश आवाजांशेजारी आणून ठेवायचे. १९६८ च्या ‘क्रेडो’मध्ये बाखचा एक नितळ पियानोखंड आणि वाद्यवृंदाचा प्रचंड गोंगाट समोरासमोर येतात. त्यातल्या गायकवृंदाच्या तोंडी ख्रिस्तावरच्या श्रद्धेचे शब्द होते. सोव्हिएत राजवटीत हे जाहीरपणे गाणं म्हणजे आव्हानच होतं. टालिनमधल्या पहिल्या प्रयोगानंतर ती रचना वाजवणं अशक्य झालं.

यानंतर जवळपास आठ वर्षं त्यांनी फार थोडं लिहिलं. १९७१ ची तिसरी सिंफनी ही त्या काळातली मोठी रचना. बाकीचा वेळ त्यांनी जुन्या ग्रेगोरियन गायनाचा, म्हणजे मध्ययुगीन चर्चमधल्या एकेरी सुरावटींचा अभ्यास केला. एकच ओळ, साथ नाही, ठेका नाही, अशा सुरावटी लिहून त्यांनी वह्यांवर वह्या भरल्या. एक स्वर दुसऱ्या स्वराकडे का जातो, एवढंच ते शिकत होते.

१९७६ मध्ये त्यातून नवी रीत निघाली. तिला त्यांनी नाव दिलं टिंटिनाबुली. लॅटिनमध्ये टिंटिनाबुलुम म्हणजे छोटी घंटा. आता पेटीकडे वळू.

पहिली पायरी: घरचे तीन स्वर

पांढरी एक हा सा धरा. सा, ग आणि प, तिन्ही पट्ट्या एकदम दाबा. अशा एकत्र वाजणाऱ्या स्वरांना पाश्चात्त्य संगीतात कॉर्ड म्हणतात. आपण यांना घरचे स्वर म्हणू.

आता हेच तीन स्वर एकेक करून, कुठल्याही क्रमाने, सावकाश वाजवा. खालच्या सप्तकात वाजवा, वरच्या सप्तकात वाजवा. लांबून घंटा ऐकू यावी तसा परिणाम मिळतो. पॅर्ट यांच्या रीतीत एक आवाज आयुष्यभर एवढंच करतो. तो या तीन स्वरांबाहेर पाऊल टाकत नाही. त्याला आपण घंटेचा आवाज म्हणू.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. हे ऐकताना आपल्या कानाला तानपुरा आठवतो, आणि ‘फ्रात्रेस’सारख्या रचनेत खाली सा-पसारखी जोडी खरोखरच अखंड धरलेली असते. पण घंटेचा आवाज तानपुऱ्यासारखा एका चक्रात फिरत नाही. तो दुसऱ्या एका आवाजाकडे बघून, क्षणाक्षणाला जागा बदलतो. तो दुसरा आवाज म्हणजे पुढची पायरी.

दुसरी पायरी: वाटसरू

आता सा, रे, ग, म, प असं सरळ चढा आणि तसंच उतरा. मध्ये उडी नाही, मींड नाही, मुरकी नाही. एका स्वरावरून लगतच्या स्वरावर, पायऱ्या चढाव्यात तसं.

हा सुरावटीचा आवाज. त्याला वाटसरू म्हणू. त्याच्यासाठी एक मधला स्वर ठरवलेला असतो. तो तिथून निघतो, किंवा कुठून तरी येऊन तिथे पोचतो. रचना केवढीही मोठी असली तरी वाटसरूला मूळ चार वाटा: मधल्या स्वरापासून वर जा, खाली जा, वरून त्याच्याकडे ये, खालून त्याच्याकडे ये.

संगीत शिकलेली मंडळी इथे हमखास अडखळतात. सुरावट फार साधी वाटते, म्हणून ती सजवायचा मोह होतो. व्हायोलिनवाला स्वर हलवतो, पेटीवाला कण लावतो. तसं केलं की पुढच्या पायरीतली गंमत पुसली जाते. स्वर सरळ ठेवा.

तिसरी पायरी: दोघांची गाठ

ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, म्हणून घाई नको.

डाव्या हाताने वाटसरू वाजवा, उजव्या हाताने घंटा. नियम असा: वाटसरू ज्या स्वरावर असेल, त्याच्या वरचा सगळ्यात जवळचा घरचा स्वर घंटेने वाजवायचा. वाटसरू सा वर असेल तर घंटा ग वर. रे वर असेल तरी ग. ग वर गेला की घंटा प वर. म वर असेल तरी प. पुढे प, ध आणि नी या तिन्हींसाठी घंटा वरच्या सा वर.

सावकाश वाजवून बघा. सा आणि ग गोड लागतात. रे आणि ग एकदम दाबले की खरखर होते. ग-प पुन्हा गोड. म-प खरखरीत. शेवटी नी आणि वरचा सा एकत्र आले की कानाला चक्क टोचतं.

ही खरखर रचनाकाराने प्रत्येक वेळी विचार करून घातलेली नाही. एक आवाज चालत राहिला आणि दुसरा घर धरून राहिला, की ती आपोआप निर्माण होते आणि आपोआप विरते. पॅर्ट यांचं संगीत नुसतं शांत आहे असं मानणाऱ्यांच्या कानातून नेमकी ही खरखर निसटते. तिच्यावाचून ही शांतता मिळमिळीत झाली असती.

नियम बदलताही येतो. घंटा वरच्याऐवजी खालचा जवळचा स्वर घेऊ शकते, जवळचा सोडून त्याच्या पलीकडचा घेऊ शकते, किंवा एकदा वर एकदा खाली असं करू शकते. पण रचनेच्या एखाद्या भागासाठी एक निवड झाली की ती पाळली जाते.

पॅर्ट यांनी या दोन आवाजांचा स्वतःपुरता अर्थही सांगितला आहे. फिरणारा आवाज म्हणजे माणूस, त्याच्या चुका आणि त्याची दुःखं. स्थिर आवाज म्हणजे क्षमा. त्यांच्या पत्नी नोरा यांनी हेच एका समीकरणात मांडलं: एक अधिक एक बरोबर एक. दोन्ही हात एकत्र वाजवताना ते पटतं. थोड्या वेळाने आपल्याला दोन ओळी ऐकू येत नाहीत, एकच काहीतरी ऐकू येतं.

चौथी पायरी: वाट लांबत जाते

आता वाटसरूने किती लांब जायचं, याचा नियम. त्यासाठी १९७८ ची ‘श्पीगेल इम श्पीगेल’ घेऊ. जर्मन नावाचा अर्थ आरशातला आरसा. रचना व्हायोलिन आणि पियानोसाठी आहे, साधारण दहा मिनिटांची. मूळ सा पांढरी चारचा आहे, पण आपण पांढरी एकवरच राहू.

मधला स्वर ग. व्हायोलिनचं पहिलं वाक्य: रे, ग. दुसरं: म, ग. तिसरं: सा, रे, ग. चौथं: प, म, ग. पाचवं मंद्र नीपासून निघतं: नी, सा, रे, ग. सहावं: ध, प, म, ग. खालून एक वाक्य, वरून त्याचं प्रतिबिंब, आणि दर जोडीला एक स्वर जास्त. नावातला आरसा हाच.

म्हणजे दर वेळी वाटसरू आणखी एक पाऊल लांबून येतो आणि दर वेळी ग वर पोचतो. पियानो पहिल्यापासून शेवटपर्यंत तीन-तीन स्वर एका चालीने सुटे वाजवत असतो.

इथे ऐकणारे कंटाळतात ते बहुधा एकाच कारणाने: काहीतरी घडेल म्हणून ते वाट बघत बसतात. त्याऐवजी मोजा. या वाक्यात किती स्वर आले? पुढच्यात किती येतील? तीन-चार वाक्यांनंतर मोजणं सुटतं आणि नुसतं पोचण्याचं समाधान उरतं. तिथे आपण योग्य जागी आलो असं समजा.

पाचवी पायरी: एकच वाट, पाच चालींत

इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन ४ डिसेंबर १९७६ रोजी वारले. त्यांची भेट व्हायची राहून गेली याची पॅर्ट यांना हळहळ होती. त्यातून १९७७ मध्ये ‘कँटस’ लिहिली गेली. तंतुवाद्यांचा वृंद आणि एक घंटा, एवढंच साहित्य.

पेटीवर पांढरी सहा हा सा धरा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्यांवरून उतरा. कानाला आसावरी थाटाचे स्वर मिळतील. ‘कँटस’ची सगळी सुरावट हीच. आधी फक्त सा. मग सा, नी. मग सा, नी, ध. दर वेळी वरून सुरुवात आणि एक पाऊल जास्त खाली.

हे स्वर आपल्या ओळखीचे म्हणून इथे राग शोधू नका. चलन नाही, वादी-संवादी नाहीत, पकड नाही. राग शोधत बसलो की निराशा होते, आणि जे आहे तेही हातचं जातं.

आता लयीकडे बघू. आपल्याकडे ठाय, दुगुन, चौगुन म्हणतात, ते नीट आठवा. वरची व्हायोलिन्स ही उतरण सुरू करतात. मागोमाग दुसरी व्हायोलिन्स तीच उतरण एक सप्तक खाली, निम्म्या वेगाने घेतात. त्याखाली व्हियोला आणखी निम्म्या वेगाने, मग चेलो, मग डबल बास. सगळ्यात खालच्या वाद्याची चाल सगळ्यात वरच्यापेक्षा सोळा पट संथ. तबल्यावर या लयी एकामागून एक येतात. इथे पाचही एकाच वेळी चालू असतात.

म्हणून एक सोपी सुरावट कोसळत्या धबधब्यासारखी ऐकू येते. प्रत्येक गट आपापल्या शेवटच्या स्वरावर पोचला की तो स्वर धरून ठेवतो. सगळे पोचले की उतरण थांबते, आवाज मात्र भरलेला राहतो.

शेवटाकडे कान द्या. तंतुवाद्यं जोरात वाजत असतानाच घंटेवर एक हलका ठोका पडतो, जो ऐकू येत नाही. मग तंतुवाद्यं एकदम थांबतात आणि घंटेचा नाद हवेत उरलेला आढळतो. मोबाइलच्या स्पीकरवर हा नाद जवळजवळ नाहीसा होतो. या रचनेसाठी हेडफोन घ्या, पंखा बंद करा.

सहावी पायरी: शब्दांनी ठरवलेले स्वर

पॅर्ट यांच्या कामाचा मोठा भाग गाण्यासाठी आहे, बहुतेक वेळा प्रार्थनांचे शब्द. तिथे वाट किती लांब, हे शब्दच ठरवतात. १९७७ च्या ‘मिसा सिलाबिका’च्या नावातच हे आहे: अक्षरागणिक बांधलेली प्रार्थना.

आपल्या शब्दांवर करून बघू. ठरवा की प्रत्येक शब्द सा वर संपेल आणि बोलताना जितकी अक्षरं, तितके स्वर. ‘तू’ म्हणजे नुसता सा. ‘आई’ म्हणजे रे, सा. ‘कविता’ म्हणजे ग, रे, सा. आता कुठलंही वाक्य घ्या, सुरावट तयार होते. त्यावर तिसऱ्या पायरीतली घंटा चढवा.

इथे लोकांना शंका येते: मग यात संगीतकाराचं काय? त्याचं काम नियम निवडण्यात आहे. मधला स्वर कुठला, घंटा वर की खाली, किती आवाज, कुठे थांबायचं. शिवाय लिहिलेलं तपासून, नको ते काढून टाकण्यात आहे. ‘पासिओ’ ही १९८२ ची रचना सत्तर मिनिटांच्या आसपास चालते आणि योहानच्या शुभवर्तमानातली ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसाची कथा अशाच कडक शिस्तीत सांगते. पण तिच्यापासून सुरुवात करू नका. नव्या कानाला ती जड जाते.

सातवी पायरी: लिहिलेलं मौन

या संगीतात थांबणंही मोजून लिहिलेलं असतं. ‘ताबुला रासा’ या १९७७ च्या रचनेचा दुसरा भाग ‘सिलेंटियुम’, म्हणजे मौन. शेवटी सुरावट खाली उतरत उतरत रे पर्यंत येते. सा यायला हवा, पण तो वाजतच नाही. त्याच्या जागी लिहिलेली शांतता आहे, आणि तो सा आपण मनात ऐकतो.

आज हे मौन बिघडतं ते ऑटोप्लेमुळे. शेवटच्या स्वरावर पुढचं गाणं सुरू होतं आणि अर्धी रचना वाया जाते. ऐकायला बसण्यापूर्वी ऑटोप्ले बंद करा, जाहिराती येणार नाहीत अशी सोय बघा. रचना संपल्यावर निदान अर्धा मिनिट काही बोलू नका.

आता शिक्क्यांचं काय

पॅर्ट १९८० मध्ये एस्टोनिया सोडून आधी व्हिएन्नाला आणि मग पश्चिम बर्लिनला गेले. १९८४ मध्ये इसीएम कंपनीची ‘ताबुला रासा’ ही ध्वनिमुद्रिका आली आणि जगाला त्यांचं नाव कळलं. त्याबरोबर शिक्केही आले.

सगळ्यात चिकट शिक्का ‘होली मिनिमलिझम’चा. मिनिमलिझम म्हणजे थोड्या साहित्यातून, पुन्हापुन्हा येणाऱ्या आकृत्यांतून उभं केलेलं संगीत. अमेरिकेत ते १९६० च्या दशकात रुजलं. पण तिथे संगीताला सहसा सतत धडधडणारी लय पुढे रेटते. आपण वाजवलेल्या सात पायऱ्यांत तशी धडधड कुठेच आली नाही. ‘जुन्याकडे परतलेला’ हा शिक्काही बसत नाही. नियम ठरवून रचना त्याच्या हाती द्यायची, ही शिस्त त्यांच्या बारा-स्वरांच्या दिवसांशी नातं सांगते. स्वर बदलले, शिस्त बदलली नाही.

आणि ‘शांत संगीत’ म्हणाल, तर २००२ ची ‘लामेंताते’ ऐका. मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांचं ‘मार्सियस’ हे प्रचंड लाल शिल्प तेव्हा लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये मांडलं होतं. ते पाहून पॅर्ट यांना आपला मृत्यू समोर आल्यासारखं वाटलं. त्यातून त्यांनी पियानो आणि वाद्यवृंदासाठी शोकगीत लिहिलं, मेलेल्यांसाठी नव्हे तर जिवंत माणसांसाठी. त्यातल्या एका भागाचं नाव आहे ‘निर्दय’, त्यालगतच्या भागाचं ‘नाजूक’. पितळी वाद्यं आणि मोठे ढोल यांच्या गर्जनेशेजारी पियानोचा एकेक सुटा स्वर येतो.

शिक्का मारला जातो तो संगीत कानाला कसं वाटतं यावरून. पॅर्ट यांचं काम त्याच्या आधी सुरू होतं: एक चालणारा, एक घर धरून राहणारा, आणि दोघांमधला पाळलेला नियम. त्यातून कधी पाळणा निघतो, कधी वादळ. म्हणून ‘हे कुठल्या प्रकारचं?’ असं विचारण्यापेक्षा ‘इथे घरचे स्वर कुठले, आणि वाटसरू कुठे निघालाय?’ असं विचारलं, तर प्रत्येक रचना आपल्याला उत्तर देते.

कुठून सुरुवात करावी

एका संध्याकाळी एकच रचना ऐका. पहिली ‘श्पीगेल इम श्पीगेल’, दुसरी ‘कँटस’, तिसरी ‘फ्रात्रेस’. मग ‘ताबुला रासा’. गायनाच्या मोठ्या रचना आणि ‘लामेंताते’ त्यानंतर.

आणि शेवटी, या साऱ्याचं मूळ असलेली ‘फ्युर आलिना’. १९७६ ची, पियानोसाठी, फक्त दोन पानांची. घरचे स्वर सा, कोमल ग आणि प. खाली एक खोल सा गुंजत असतो. उजवा हात चालतो, डावा घर धरून. दर खंडात एकेक स्वर वाढत जातो आणि मग एकेक कमी होतो. ताल नाही, घाई नाही.

या दोन पानांत डावा हात एकदाच, फक्त एकदाच, घराबाहेर पडतो. सा च्या जागी तो रे वाजवतो. त्या स्वरापाशी पॅर्ट यांनी स्वरलिपीत एक छोटं फूल काढलं आहे.

पेटी मिटण्यापूर्वी ही रचना लावा. ते फूल कुठे आहे हे आपल्याला कुणी दाखवावं लागणार नाही. बाकीचा प्रत्येक स्वर कुठे पडायला हवा, हे आता आपल्या कानाला ठाऊक झालं आहे.